डेनेरिस घडत गेली की मागे गेली? मीरीनच्या कारभारावरून मतभेद

मांडणी (जुळे सोलापूर)

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ साली प्रसिद्ध झाला, पाचवा २०११ साली आला आणि सहाव्याची वाट वाचक पाहत आहेत. या मालेतील डेनेरिस टारगेरियन या नायिकेबद्दल आपल्याकडच्या वाचकांत एक समज पक्का झालेला दिसतो. पहिल्या तीन खंडांत ती चढत जाते आणि पाचव्या खंडात मीरीन शहरात अडकून पडल्यावर तिची घसरण होते, असे मानले जाते. मला हा समज मुळातच उलटा वाटतो.

तेराव्या वर्षी भावाने सैन्याच्या मोबदल्यात डोथ्राकी या भटक्या घोडेस्वारांचा प्रमुख (‘खाल’) ड्रोगो याला बायको म्हणून देऊन टाकलेली ही मुलगी नवऱ्याच्या चितेतून तीन ड्रॅगन घेऊन बाहेर येते, गुलामांचा व्यापार चालणाऱ्या अस्तापोर शहरात गुलामांचे सैन्य विकत घेऊन त्याच सैन्याकडून मालकांना मारवते, युनकाईला नमवते आणि मीरीन जिंकते. हे सारे थरारक आहे, परंतु जिंकलेल्या शहरात दुसऱ्या दिवशी काय होणार याची जबाबदारी तिने तोवर कधीच अंगावर घेतलेली नसते. अस्तापोरमध्ये एक वैद्य, एक विद्वान आणि एक पुरोहित यांचे मंडळ नेमून ती पुढे निघून गेली. क्लिऑन नावाच्या एका खाटकाने ते मंडळ उलथवून सत्ता बळकावली. ही बातमी कळल्यावर ती मीरीनमध्येच थांबून राज्य करण्याचे ठरवते. निघून जाण्याची ताकद हाती असताना थांबणे, हीच माझ्या मते तिची खरी वाढ आहे. ड्रॅगनने मारलेल्या चार वर्षांच्या हझियाची काळी पडलेली हाडे तिचा बाप दरबारात घेऊन येतो, तेव्हा ही राणी स्वतःच्या सत्तेचा आधार असलेल्या ड्रॅगनांपैकी हाती लागलेल्या दोघांना साखळदंडांनी बांधून कोंडते. तिसऱ्या खंडातल्या डेनेरिसला हे जमले असते असे मला वाटत नाही.

आपल्या सोलापूरच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या अहिल्यादेवी होळकरांना आपण १७६७ ते १७९५ या काळातील न्यायनिवाडा, घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांसाठी आठवतो. मग कादंबरीतल्या राणीला मात्र लढाईच्याच मापाने का मोजायचे?

उत्तर (नवी पेठ)

ताई, थांबणे ही वाढ आहे असे म्हणायचे असेल, तर थांबून तिने काय केले हेही पाहावे लागेल. झुंजींचे आखाडे तिने बंद केले आणि नंतर सरदारांच्या आग्रहापुढे नमते घेऊन पुन्हा उघडले. जुन्या मालकवर्गातल्या हिझदारशी तिने शांततेसाठी लग्न केले, आणि त्या शांततेचे फळ असे की मीरीनच्या तटबंदीवरून दिसेल इतक्या जवळ युनकाईच्या लोकांनी गुलामांचा बाजार मांडला. स्वतःला विकून घेण्यास राजी असलेल्यांना तिने आधीच परवानगी दिलेली होती आणि त्या विक्रीवर दहावा हिस्सा करही लावला होता. गुलामगिरी मोडण्यासाठी आलेल्या राणीचा हा प्रवास पुढे गेलेला आहे, असे मी कसे म्हणावे?

माझा मुख्य आक्षेप याहून आधीचा आहे. पहिल्या खंडात, हाती काहीही सत्ता नसताना, केवळ ड्रोगोची बायको म्हणून ती लुटीत सापडलेल्या स्त्रियांना अत्याचारापासून वाचवायला मध्ये पडते. तिसऱ्या खंडात मीरीनच्या वाटेवर खिळे ठोकून मारलेल्या १६३ गुलाम मुलांचा बदला म्हणून ती तेवढ्याच सरदारांना तसेच मारते, आणि त्यांतला नेमका कोण दोषी होता हे तपासत नाही. पाचव्या खंडात तर एका मद्यविक्रेत्याला बोलते करण्यासाठी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलींचा छळ करण्यास ती मान्यता देते. जसजशी सत्ता वाढत गेली तसतशी हिची दया आटत गेली, हा क्रम मला स्पष्ट दिसतो. अहिल्यादेवींची तुलनाही मला पटत नाही. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले राज्य होते आणि मल्हाररावांच्या हाताखाली मिळालेले कारभाराचे शिक्षण होते. डेनेरिस परक्या शहरात, परक्या भाषेत, तलवारीच्या जोरावर बसलेली आहे.

उत्तर (अशोक चौक)

सर, दरबाराचा विषय निघालाच आहे तर पाचव्या खंडातला पहिलाच दरबार पाहा. आमच्या घरातल्या दोन पिढ्या मागावर गेल्या, त्यामुळे तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

एक सरदार फिर्याद घेऊन येतो. त्याच्या घरातल्या एका म्हाताऱ्या गुलाम बाईने काही मुलींना विणकाम शिकवलेले असते. आता त्या मुली मोकळ्या झाल्या आहेत, त्यांनी स्वतःचे दुकान काढले आहे, आणि कला आपल्या घरात शिकल्या म्हणून त्यांच्या कमाईतला वाटा आपल्याला मिळावा असे सरदाराचे म्हणणे असते. डेनेरिस त्याला फक्त एवढेच विचारते की त्या म्हातारीचे नाव काय होते. त्याला धड आठवत नाही. एल्झा असेल, नाहीतर एला. ती निकाल देते की मुलींना एल्झाने शिकवले, तुम्ही नव्हे, म्हणून तुम्हाला काहीही मिळणार नाही. उलट पैशाने मिळेल तो सर्वांत चांगला माग तुम्ही त्यांना घेऊन द्यायचा, आणि तो दंड म्हाताऱ्या बाईचे नाव विसरल्याबद्दल.

सोलापुरी चादर देशभर गेली, पण ती विणणाऱ्याचे नाव तिच्यावर कधी आले नाही. कष्ट कोणाचे आणि मालकी कोणाची, हा प्रश्न एखाद्या राज्यकर्त्याने इतक्या अचूकपणे ओळखावा आणि एका निकालात सोडवावा, हे मला तीनही शहरे जिंकण्यापेक्षा मोठे वाटते. अस्तापोर घेताना तिने मालक मारले. इथे तिने मालकीची कल्पनाच खोडून काढली, तीही रक्ताचा थेंब न सांडता. ही मागे गेलेली बाई असेल, तर पुढे जाणे म्हणजे काय ते मला समजावून सांगा.

उत्तर (नवी पेठ)

दादा, तुम्ही निवडलेला प्रसंग उत्तम आहे आणि नेमक्या त्याच्यामुळेच माझे मत अधिक घट्ट होते. त्याच खंडातले तिचे शेवटचे प्रकरण वाचा. मोकळा राहिलेला तिसरा ड्रॅगन ड्रोगॉन तिला झुंजीच्या आखाड्यातून उचलून नेतो आणि ती डोथ्राकी गवताळ प्रदेशात एकटी भटकत असते. त्या वेळी ती स्वतःशी म्हणते की ड्रोगॉनने एका लहान मुलीला मारले आणि तिचे नाव... ते नाव तिला आठवत नाही. ज्या हझियामुळे तिने ड्रॅगन कोंडले, जिचे नाव मधल्या प्रकरणांत तिला पुन्हा पुन्हा छळत राहते, तिचेच नाव तिच्या हातून सुटते. पहिल्या प्रकरणात विणकर बाईचे नाव विसरणाऱ्याला दंड करणारी राणी शेवटच्या प्रकरणात स्वतः त्या सरदाराच्या जागी येऊन उभी राहते. लेखकाने हे दोन प्रसंग एकाच खंडाच्या दोन टोकांना सहज ठेवले असतील, असे मला वाटत नाही.

उत्तर (विजापूर रोड)

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरत आहेत. तिसरा खंड २००० साली आला आणि २००५ सालच्या चौथ्या खंडात डेनेरिस नाही, कारण कथा प्रदेशांनुसार विभागली गेली. म्हणजे वाचकांनी अकरा वर्षे तिच्या स्वारीची वाट पाहिली आणि त्यांच्या हाती करवसुली, रोगराई आणि लग्नाची बोलणी आली. घसरणीची पुष्कळशी भावना या वाट पाहण्यातून आलेली आहे. शिवाय तिसऱ्या खंडानंतर कथेत पाच वर्षांचा काळ उलटल्याचे दाखवायचे, असा मार्टिन यांचा आधीचा बेत होता आणि तो त्यांनी सोडून दिला. तो बेत टिकला असता तर आपल्यासमोर कारभारात मुरलेली तरुण राणी आली असती. बेत सुटल्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे शिकणे, चुकणे आणि घाबरणे आपल्याला पानोपान पाहावे लागते.

दुसरे असे की २०११ ते २०१९ या काळात आठ पर्वांत दाखवलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचा शेवट मनात ठेवून आपण पुस्तक वाचतो. तिथे शेवटून दुसऱ्या भागात शरणागतीच्या घंटा वाजल्यावरही ती राजधानी जाळते. पुस्तकातली डेनेरिस अजून समुद्र ओलांडून त्या राजधानीच्या भूमीवर गेलेलीही नाही. त्या आगीचा पुरावा मीरीनच्या खटल्यात ग्राह्य धरू नये.

उत्तर (जुळे सोलापूर)

मालिकेबद्दलचे म्हणणे रास्त आहे, म्हणून मी पुस्तकापुरतेच बोलते. मद्यविक्रेत्याच्या मुलींचा प्रसंग हा मीरीनमधला सर्वांत काळा प्रसंग आहे आणि त्याचे समर्थन करण्याची माझी इच्छा नाही. पण सर, त्याच्याच शेजारी ओलिसांचा प्रसंगही ठेवा. तिने सरदारांची मुले ओलीस ठेवलेली असतात. मुक्त झालेल्या गुलामांचे रात्री मुडदे पडत राहतात, मुलांना मारा म्हणजे खून थांबतील असा सल्ला तिला मिळतो, आणि ती एकाही मुलाला हात लावू देत नाही. १६३ जणांना न तपासता मारणारी राणी इथे दबावाखाली हात आवरते. अस्तापोरहून आलेले रोगी शहराबाहेर मरत असताना ती स्वतः त्यांच्यात जाते आणि एका म्हाताऱ्याला आपल्या हातांनी धुते. याला दया आटणे म्हणता येणार नाही.

हझियाच्या नावाबद्दल बोलायचे तर, त्या प्रकरणात ती उपाशी आहे, फळे खाऊन आजारी पडली आहे आणि तिला भास होत आहेत. तरीही नाव आठवत नाही म्हणून तिला इतके दुःख होते की अश्रू जळून गेले नसते तर ती रडली असती, असे तिथे लिहिले आहे. एल्झाचे नाव विसरल्याचे त्या सरदाराला काहीच वाटत नव्हते. दोघांना एका जागी उभे करताना हा फरक तुम्ही सोडून देता.

उत्तर (नवी पेठ)

फरक मी सोडून देत नाही, परंतु ते दुःख टिकत नाही. त्याच संभाषणात तिला तिच्या घराण्याचे ब्रीद आठवून दिले जाते आणि आग आणि रक्त हे शब्द ती स्वतः उच्चारते. मुलीचे नाव येत नाही, ब्रीद मात्र ओठांवर येते. प्रकरण संपते तेव्हा ती ड्रोगॉनशेजारी आहे आणि समोर डोथ्राकी स्वार आले आहेत. ड्रॅगन मोकळा आहे आणि त्याला कोंडण्याचा विचारही आता तिच्या मनात नाही. हझियासाठी तिने जे केले होते ते तिने स्वतःच सोडून दिले, म्हणून मी याला मागे जाणेच म्हणेन. सहाव्या खंडात तिने मीरीनला परतून तो माग त्या मुलींपर्यंत पोहोचला की नाही हे विचारले, तर ताईंचे म्हणणे मी पुन्हा वाचेन.