मदत हवी आहे: तालमीच्या जुन्या सीडींच्या इमेज फाइल माउंट होईनात

हलगी

मंडळी नमस्कार,

कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या तालमीच्या कुस्त्यांचं शूटिंग पूर्वी एक व्हिडिओवाले करायचे आणि व्हीसीडी (व्हिडिओची सीडी) करून द्यायचे. खासबागेतली कुस्तीची मैदानं, आसपासच्या गावांतल्या जत्रेच्या कुस्त्या, असं बरंच आहे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा कपाटात पाणी शिरलं आणि मूळ सीडी गेल्या. वरचा चंदेरी थर पापुद्रे सुटावेत तसा निघून येतोय. नशीब, मामेभावानं पुराच्या आधीच त्यांच्या इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एकेका फाइलमध्ये उतरवलेली नक्कल, काढून ठेवल्या होत्या. तो आता नोकरीला बाहेर, आणि पेन ड्राइव्ह माझ्या गळ्यात.

वस्तादांना हे पोरांना टीव्हीवर दाखवायचंय. नुसतं बघायला नव्हे. ढाक डाव मारताना पाय कुठं पडला, कलाजंग डावात डोकं काखेखाली कधी गेलं, तिथं थांबवून दाखवायचंय. मला रोज विचारतात, "झालं का रे तुझं ते?"

लॅपटॉपवर विंडोज १० आहे. अडचणी अशा:

आयएसओ (इमेजचा एक प्रकार) फाइलवर डबल क्लिक केलं की ती झिप फाइलसारखी उघडते. माउंट, म्हणजे इमेज खऱ्या सीडीसारखी ड्राइव्ह म्हणून उघडायचा पर्याय, राइट क्लिकमध्ये दिसतच नाही. दुसऱ्या एका आयएसओला 'ओपन विथ'मधून विंडोज एक्सप्लोरर दिलं तर एरर आला. फाइल एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइल मांडायची पद्धत) व्हॉल्यूमवर हवी आणि कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरमध्ये नको, अशा अर्थाचा.

बाकी बहुतेक इमेज बिन आणि क्यू अशा दोन-दोन फाइलच्या जोड्या आहेत. त्या विंडोज ओळखतच नाही. व्हर्च्युअल ड्राइव्हचं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं, तर त्यानं ब्राउझरचं होमपेज बदललं आणि कोपऱ्यात जाहिराती सुरू केल्या. काढून टाकलं. शिवाय बिन फाइल ७९० एमबीची आहे. सीडी तर ७०० एमबीची असते ना? मग फाइल खराब म्हणायची का?

एक एनआरजी प्रकारची इमेज पण आहे, त्यात फोटो असावेत. कुणी नीट सांगेल का?

तांबडापांढरा

व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाक, बिन फाइल ओढून त्यात सोड. झालं. माउंट बिउंट कशाला?

खटपट्या

तांबडापांढरा म्हणतात ते पहिली तपासणी म्हणून बरोबर आहे. व्हीसीडीची बिन बहुतेक वेळा व्हीएलसीत थेट चालते. चित्र दिसलं म्हणजे आत माल शाबूत आहे एवढं कळतं. पण पुढं-मागं नेताना ती अडखळते, आणि हलगी यांना तर एकेका डावावर थांबायचंय. तेव्हा नीट करू.

आधी सोपं. आयएसओ झिपसारखी उघडते कारण कुठल्या तरी झिप-रारच्या सॉफ्टवेअरनं ती स्वतःकडं ओढून घेतलीय. राइट क्लिक, ओपन विथ, विंडोज एक्सप्लोरर, आणि 'नेहमी हेच वापरा'वर खूण. विंडोज ८ पासून आयएसओ माउंट करायची सोय विंडोजमध्येच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. एररचं म्हणाल तर पेन ड्राइव्हवरून माउंट करू नका. फाइल लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मग उघडा. काम झालं की 'धिस पीसी'मध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट. आत काही बदलता येणार नाही, सीडीसारखंच फक्त वाचता येतं.

आता ७९० एमबी. फाइल खराब नाही, उलट चांगली खूण आहे. सीडीवर माहिती सेक्टरमध्ये असते आणि एका सेकंदाला ७५ सेक्टर. प्रत्येक सेक्टर मुळात २३५२ बाइटचा, पण साध्या डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइटच आपल्या वाट्याला येतात. बाकीचे जुळवाजुळव आणि चूक सुधारण्यात जातात. ७०० एमबी हा हिशेब २०४८ चा. बिनमध्ये सेक्टर अख्खाच्या अख्खा उतरतो, म्हणून ती फुगलेली दिसते. तुमच्या ७९० एमबीला २३५२ नं भागलं की साडेतीन लाखांच्या वर सेक्टर येतात, म्हणजे ७८ मिनिटांच्या आसपास. ८० मिनिटांच्या सीडीत आरामात बसतं.

आणि इथंच खरी गोम आहे. व्हीसीडीत व्हिडिओच्या सेक्टरमध्ये चूक सुधारणारा भाग कमी करून २३२४ बाइट व्हिडिओ भरलेला असतो. आयएसओच्या २०४८ च्या साच्यात ते मावतच नाही. म्हणून व्हीसीडीची इमेज आयएसओ करून ठेवली असेल तर ती छान माउंट होईल, एमपीईजीएव्ही फोल्डर दिसेल, त्यात डॅट फाइलही दिसेल, आणि ती चालवायला गेलं की ठणठणाट. तुमच्या भावानं बिन-क्यू ठेवल्या हे फार शहाणपणाचं केलं. आयएसओमध्ये काय आहे ते आधी बघा. फोटो, पत्रकं असली तर प्रश्नच नाही.

एनआरजी ही नीरो या सीडी बर्न करणाऱ्या सॉफ्टवेअरची इमेज. विनसीडीएमू नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, ते एनआरजी, क्यू सगळं माउंट करतं. फक्त त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या. 'फ्री डाउनलोड' असं मोठ्ठं हिरवं बटण असलेल्या तिसऱ्याच साइटवर गेलात की परत होमपेज बदलेल.

व्हिडिओसाठी मात्र माउंटच्या मागं लागू नका. आयसोबस्टर या इमेजमधून फाइल काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्यू उघडा, व्हिडिओच्या ट्रॅकवर राइट क्लिक करा आणि एक्स्ट्रॅक्टच्या पर्यायांत 'एम२एफ२ एमपेग व्हिडिओ फ्रेम्स' असं लिहिलेलं निवडा. व्हीसीडीगिअर हे जुनं छोटं सॉफ्टवेअरही हेच करतं. दोन्हीत मूळ एमपेग (व्हिडिओची फाइल) जशीच्या तशी बाहेर येते, दर्जा तसूभर कमी होत नाही.

राजारामपुरीकर

वरचं सगळं ठीक, पण एचडी करून मिळेल का हो? आमच्या मंडळाच्या पण आहेत गणपतीच्या. पडद्यावर लावायच्या होत्या.

खटपट्या

नाही. व्हीसीडीचं चित्रच ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. मोठ्या पडद्यावर चौकोन चौकोन दिसणार. एआयनं मोठं करून देतो म्हणणारे भेटतील, पण ते चेहरे स्वतःच्या मनानं रंगवतात. गणपतीला चालेल, कुस्तीला नको. पकड कुठं आहे तेच बदललं तर वस्ताद काय शिकवणार?

हलगी

भावा, लय उपकार. फोटो निघाले! एनआरजी विनसीडीएमूनं उघडली. आयएसओ दोन्ही हार्ड डिस्कवर घेतल्यावर माउंट झाल्या. एकात आखाड्याच्या दुरुस्तीचे हिशेब आहेत, दुसऱ्यात मैदानाची जुनी पोस्टरं.

बिनचं मात्र अर्धंच जमलं. काही जोड्या आयसोबस्टरमध्ये झटक्यात उघडल्या आणि एमपेग निघाली. हलगीच्या आवाजासकट! काही उघडतच नाहीत, बिन फाइल सापडत नाही म्हणतं. फाइल तर शेजारीच आहे. आणि एका बिनची क्यूच नाही.

खटपट्या

न उघडणारी क्यू नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी मजकुराची फाइल असते. पहिल्या ओळीत काय लिहिलंय ते इथं सांगा, आणि शेजारच्या बिनचं नाव काय आहे तेही.

हलगी

पहिल्या ओळीत आहे: फाइल, मग अवतरणात 'ई ड्राइव्ह, मैदान फोल्डर, डिस्क३ डॉट बिन', मग बायनरी. आणि बिनचं नाव आहे 'जोतिबा यात्रा कुस्त्या'. मराठीत. भावानं नंतर ओळखू यावं म्हणून बदललेलं दिसतंय.

खटपट्या

सापडलं. क्यू म्हणजे नुसता नकाशा आहे. कुठली फाइल, कितवा ट्रॅक, कुठल्या मिनिटाला सुरू, एवढंच त्यात असतं. ती अजून भावाच्या जुन्या कॉम्प्युटरच्या ई ड्राइव्हवर डिस्क३ शोधतेय. अवतरणातला रस्ता काढून टाका, फक्त फाइलचं नाव ठेवा, आणि बिनचं नाव परत क्यूत आहे तेच, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता करा. त्या काळातल्या सॉफ्टवेअरला देवनागरी नाव झेपत नाही. जत्रेचं नाव एमपेगला द्या, तिथं काही अडत नाही. क्यूमधल्या बाकीच्या ओळींना हात लावू नका.

क्यू नसलेल्या बिनसाठी हातानं लिहिता येते. दुसऱ्या एखाद्या चालणाऱ्या बिनची क्यू कॉपी करा, वर नाव बदला, पहिल्या ट्रॅकच्या ओळीत 'मोड२, २३५२' आहे ते तसंच राहू द्या, इंडेक्स शून्यापासून, आणि दुसरा ट्रॅक पार काढून टाका. व्हीसीडीगिअर त्यावरूनही बहुतेक वेळा काढतं. नाही जमलं तर व्हीएलसीच्या कन्व्हर्टमधून निघेल. तेव्हा दर्जा थोडा घसरतो, पण हातात काहीतरी राहतं.

तांबडापांढरा

शेवटी व्हीएलसीच! 😄

हलगी

नावं बदलली, सगळ्या निघाल्या. क्यू नसलेलीही व्हीसीडीगिअरनं काढली, सुरुवातीला थोडा वेळ हिरवे पट्टे येतात, मग स्वच्छ. टीव्हीच्या यूएसबीला एमपेग चालते, थांबवताही येतं.

एकच राहिलं. आता बिन फाइल डिलीट करू का? लॅपटॉपवर जागा नाही उरली.

खटपट्या

अजिबात नको. एमपेग कुणी चुकून कापली तर परत काढायला बिन लागेल, मूळ सीडी तर गेल्याच आहेत. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, बिन आणि क्यू दोन्ही त्यावर टाका आणि ती तालमीत ठेवू नका. पुराचं पाणी जिथं चढत नाही अशा कुणाच्या तरी घरी ठेवा.

राजारामपुरीकर

आमच्याकडं ठेवा, दुसऱ्या मजल्यावर आहे. बदल्यात ती जोतिबाची कुस्ती बघायला द्या.