जागल्या म्हणजे नक्की कोण?

पेठेतला_पक्या:
पेपरात सारखं वाचतोय, जागल्यांना संरक्षण द्या, कंपनीतल्याच जागल्याने घोटाळा उघड केला वगैरे. आतली भानगड बाहेर काढणारा म्हणजे व्हिसलब्लोअर एवढं संदर्भाने कळतं, पण हा शब्द आला कुठून? आमच्या सोसायटीत रात्री काठी आपटत फिरायचा तो गुरखा, जागल्या कुणाच्या तोंडी ऐकला नाही. बोलताना वापरला तर समोरच्याला कळेल का?

वावरवाला:
इकडं यवतमाळात या न् बोलून पाहा, लगेच कळते. रानडुक्कर न् रोही म्हणजे नीलगाय एका रात्रीत वावर साफ करतात, म्हणून पीक उभं असलं की मचाणावर नाहीतर झोपडीत रात्र काढायची, डबे वाजवायचे, टॉर्च मारायचा, त्याले जागलीले जाणं म्हणतात. जागलीवर गेलेल्या शेतकऱ्यावर वाघाचा हल्ला, ही चंद्रपूर साइडची नेहमीची बातमी आहे भाऊ.

जुनं_दप्तर:
गावगाड्यात ते रीतसर कामच होतं. कुठे रामोशी, कुठे महार, कुठे भिल्ल नाहीतर कोळी. रात्रभर गस्त, नवखा माणूस दिसला की पाटलाला खबर, आणि चोरी झाली की पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं, माग पुढच्या गावात शिरला तर तिथल्यांच्या गळ्यात, आपल्याच शिवेत विरला तर निस्तरा तुम्ही. नुसतं जागं राहून भागत नव्हतं. वतन म्हणजे मोठा मान असंही समजू नका, राबवून घेणंच जास्त. बाबासाहेबांनी १९२८ ला महार वतनाचा कायदा बदलायला विधेयक आणलं ते उगाच नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं गेली.

तिरपागडा:
मला हा शब्द व्हिसलब्लोअरला बसवलेला पटत नाही. जागल्या गावाने नेमलेला आणि लक्ष बाहेरच्या चोरावर. इथे माणूस स्वतःच्याच ऑफिसातल्या चोराकडे बोट दाखवतो, त्याला कुणी नेमलेलं नसतं, उलट सगळे सांगतात गप झोप. सत्येंद्र दुबे हायवे प्राधिकरणातच इंजिनिअर होते, कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांना गोळ्या घातल्या, अशांना संरक्षण देणारा कायदा संसदेत मंजूर व्हायला २०१४ उजाडलं. तळेगावचे सतीश शेट्टी मात्र माहिती अधिकारातून जमिनीच्या व्यवहारांवर बाहेरून नजर ठेवून होते, २०१० ला त्यांचा खून झाला, त्यांना जागल्या म्हणा, शोभतं.

वावरवाला:
मंग दुसरा शब्द द्या ना. खबऱ्या म्हटलं का पोलिसाचा माणूस वाटते, चुगलखोर तर शिवीच झाली.

तिरपागडा:
शिट्टीवाला 😄 चौकातला ट्रॅफिक हवालदार डोळ्यासमोर येतो, म्हणून राहू द्या. बरं, जागल्याच ठेवू.

पेठेतला_पक्या:
ओके, वापरतो. अनेकवचन जागले हे कळलं, पण बाई असेल तर? जागली म्हटलं तर यवतमाळवाले तिला डबा वाजवायला वावरात पाठवतील.