अमेरिकेतल्या मामाला भाची दत्तक देता येते का?

गुहागर: मुलगी ११ वर्षांची, आई-वडील हयात आणि राजी. मामा-मामी न्यू जर्सीत, अमेरिकेचे नागरिक. इथे दत्तकपत्र नोंदवलं की व्हिसा मिळतो का?

रत्नागिरी: कळकळीने सांगतो, दत्तकपत्र आधी करू नका. दोन्ही देश हेग करारात, म्हणजे परदेशी दत्तकविधानाच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत. आय-८०० अर्जाला (ठरावीक मुलासाठी अमेरिकी सरकारकडे करायचा अर्ज) तात्पुरती मंजुरी मिळण्याआधी दत्तकविधान झालं तर तो अर्ज फेटाळला जातो, आणि निस्तरायला फार कष्ट पडतात.
आधी मामाने तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून गृहअभ्यास (घर-कुटुंबाची पाहणी) करून घ्यावा, आय-८००ए, म्हणजे दत्तक घेण्यास आपण पात्र आहोत हे ठरवून घेण्याचा अर्ज, भरावा. मग संस्थेमार्फत ‘कारा’कडे, म्हणजे भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, नोंदणी. इथला जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलीच्या कुटुंबाचा अहवाल देतो. आदेश जिल्हाधिकारी काढतात. सप्टेंबर २०२२ पासून हे काम कोर्टाकडे नाही.

मालवण: वय सांभाळा. आय-८०० साधारणपणे १६व्या वाढदिवसाआधी दाखल व्हायला हवा. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्याला तो भरता येत नाही. मुलगी पाचाच्या वरची, म्हणून तिचीही संमती लागते. तिला आधी नीट विचारा, हे कागदापेक्षा मोठं.

गुहागर: मामाऐवजी आईचा मावसभाऊ असता तर?

रत्नागिरी: या मार्गाने नाही. बालन्याय कायद्यात ‘नातेवाईक’ म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा. मावसमामा त्यात बसत नाही. आणि वडील बोटीवर नोकरीला असतील तर संमतीच्या सहीसाठी त्यांच्या रजेची तारीख आधी बघा.