‘एसओएस’ला मराठीत काय लिहावं?

आडवी_रेघ
एका छोट्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डामागे छापायच्या सूचना मराठीत करून देतेय. जुन्या कार्डावर तापाच्या गोळीपुढे ‘एसओएस’चं मराठी केलंय ‘संकटसमयी घ्यावी’! मी ते काढून ‘गरज पडल्यास’ लिहिलं. तर तिथल्या मेट्रनबाई म्हणाल्या, ‘गरज’ नको, पेशंटला रोजच गरज वाटते, ‘त्रास झाल्यास’ लिहा. त्यांचा मेडिकलवाला म्हणतो ‘लागल्यास’. पण ‘गोळी लागल्यास’ हे वाचून मलाच हसू आलं. तुमच्याकडे काय लिहितात?

काउंटरमागचा
ताई, हा एसओएस बुडत्या जहाजाचा नव्हे. लॅटिन ‘सी ओपुस सित’, म्हणजे गरज असेल तर. एचएस म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपताना. स्टॅट म्हणजे ‘स्ताटिम’, ताबडतोब. बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा) त्याच घराण्यातले. कॉमर्स करून आमच्याकडे लागलेला पोरगा पहिल्या दिवशी म्हणाला, ‘शेठ, औषधावर पण टीडीएस कापतात?’
पाकिटावर आम्ही यातलं काही लिहीत नाही. सकाळ-दुपार-रात्र अशी १-०-१ लिहिलं की अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळतं. फक्त रात्रपाळीवाला घोटाळा करतो, त्याची सकाळ संध्याकाळी होते. आणि एसओएसला त्या तीन घरांत जागाच नाही, म्हणून तुमचा प्रश्न खरा आहे.

पारिभाषिक
‘आवश्यकतेनुसार’. विषय संपला. रुळलेला शब्द असताना नवे पर्याय कशाला शोधायचे? बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, उत्तरीय तपासणी हे शब्द रुळलेच ना?

बोरूबहाद्दर
पाटीवर रुळले. ‘बाह्यरुग्ण विभाग’ या पाटीला टेकून उभा असलेला माणूस मला विचारत होता, ओपीडी कुठंय म्हणून.

निवृत्तसिस्टर
शब्द कुठलाही घाला, नुसता शब्द पुरत नाही. वॉर्डात कुणी डॉक्टरने औषधापुढे फक्त एसओएस लिहिलं की आम्ही फाइल घेऊन परत त्यांच्याकडे. कशासाठी द्यायचं, दोन डोसांत किती तास, दिवसात जास्तीत जास्त किती, हे लिहा मग सही करा. कार्डावरही तसंच हवं: ‘ताप १००च्या वर गेला तर एक गोळी, पुढची सहा तासांच्या आत नाही, दिवसात चारपेक्षा जास्त नाही.’ हे असलं की गरज का त्रास हा वाद उरत नाही. आकडे मात्र त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्या, वयावर आणि गोळीच्या ताकदीवर असतात.
आमचं सगळं लिहिणं पुढच्या पाळीच्या सिस्टरसाठी. शिकाऊ असताना एकच डोक्यात बसवलं होतं, लिहिलं नाही ते केलं नाही. चुकलं तर खाडाखोड नाही, व्हाइटनर तर मुळीच नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि वेळ. इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘यू’ काढायचा नाही, ‘युनिट’ असं पूर्ण लिहायचं. घाईत काढलेला यू शून्यासारखा दिसतो आणि १०चे १०० होतात. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा खुणांची यादी काढली, त्यात हा यू आहे.

अनुस्वार
सिस्टर, डॉक्टरांच्या अक्षराबद्दलही बोला की! मेडिकल कौन्सिलने २०१६मध्येच नियमात घातलंय, औषधाचं जेनेरिक नाव, सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत. ओरिसा हायकोर्टाने २०२४च्या जानेवारीत शवविच्छेदनाच्या अहवालांबद्दलही डॉक्टरांच्या अक्षरावर ताशेरे ओढले. आमच्या फॅमिली डॉक्टरांपर्यंत यातलं काही पोचलेलं दिसत नाही.

काउंटरमागचा
अक्षराचं काय घेऊन बसलात. ओडी म्हणजे रोज एकदा. डोळ्याच्या डॉक्टरने लिहिलं तर तोच ओडी म्हणजे उजवा डोळा. अक्षर मोत्यासारखं असून उपयोग काय?

तालुक्याचा_डॉक्टर
मी त्या बदनाम जमातीतला. एका दिवसात शंभर-सव्वाशे पेशंट बघून मग अक्षर दाखवा. पण मला अडचण वेगळीच वाटते. आम्हाला शिकवतात की पेशंटची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहा. पेशंट मराठीत सांगतो, मी इंग्रजीत लिहितो, म्हणजे त्याचे शब्द पहिल्या ओळीतच गेले. ठणका, कळ, मुरडा, चमक, रग, आग... केसपेपरवर सगळ्याचं ‘पेन’. ठणका आणि कळ यांना इंग्रजीत वेगळे शब्द आहेत, पण घाईत कोण लिहितो?
सगळ्यात वाईट ‘गिडीनेस’, म्हणजे चक्कर. बाई म्हणते ‘घर फिरतंय’, तर बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागाकडे बघायला हवं. म्हणते ‘उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते’, तर उभं करून बीपी घ्यायचं, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते बघायचं. ‘भोवळ आली आन् पडले’ तर हृदयाचा आलेख आधी. तिन्ही बायांच्या पेपरवर एकच इंग्रजी शब्द, आणि पुढचा डॉक्टर तेवढाच वाचतो. मी आता कंसात देवनागरीत ‘अंधारी’ असं लिहून ठेवतो. वरिष्ठ हसतात.

बोरूबहाद्दर
डॉक्टरसाहेब, हे आवडलं! पण ‘घेरी’ कुठे बसवाल?

तालुक्याचा_डॉक्टर
घेरी म्हणजे फिरणं. आमच्याकडे तरी.

पारिभाषिक
चूक. घेरी म्हणजे मूर्च्छा. ‘घेरी येऊन पडला’ असंच म्हणतात. ‘घेर’वरून आला असावा, अंधार घेरतो म्हणून. गरगरण्याला ‘भोवळ’, ती ‘भ्रम’वरून, भोवरा, भोवंडणे बघा. तुम्ही दोन्ही उलटे लावलेत.

तालुक्याचा_डॉक्टर
असेल. पण माझ्यापुढं बसलेल्या म्हातारीला भोवळ ‘भ्रम’वरून आल्याचं माहीत नसतं. ती ज्या अर्थानं वापरते तोच माझ्या कामाचा. मी सरळ विचारतो, आजी, घर फिरतं का डोळ्यापुढं काळं होतं?

मांडवीकाठ
आमच्या गोंयांत ‘घुंवळ’. ती फिरतेच. कोंकणी पेशंट आणि मराठी सिस्टर असली की तिथून पुढे डॉक्टरपर्यंत काय पोचत असेल देव जाणे.

अनुस्वार
सगळे ‘तक्रार, तक्रार’ म्हणताय म्हणून. मूळ अरबी, अर्थ ‘पुन्हापुन्हा’. फारसीतून येता येता भांडण झालं आणि मराठीत गाऱ्हाणं. म्हणजे पेशंट तेच तेच सांगतो असं डॉक्टर वैतागून म्हणतात, ते व्युत्पत्तीला धरूनच म्हणायचं!

पारिभाषिक
म्हणूनच केसपेपरवर ‘तक्रार’ नको. पेशंट सांगतो ते लक्षण, डॉक्टरला दिसतं ते चिन्ह. हा भेद मराठीत स्वच्छ आहे.

निवृत्तसिस्टर
‘तुमची लक्षणं सांगा’ असं एखाद्या सासूबाईंना विचारून बघा दादा. ‘माझी कसली लक्षणं?’ म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतील.

बोरूबहाद्दर
सिस्टर, _/\_

काउंटरमागचा
असंच ‘उपाशीपोटी’चं. शेजारच्या लॅबच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, साखर तपासायला उपाशीपोटी या. निम्मे लोक चहा पिऊन येतात, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे. चतुर्थीला एक काका साबुदाण्याची खिचडी खाऊन आले, ‘उपासच आहे माझा’ म्हणत. आता लॅबवाल्याने बदलून लिहिलंय, ‘आठ तास पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही’.

अनुस्वार
‘अनशापोटी’ लिहायचं. अन् + अशन. त्यात उपासाचा घोळ येत नाही.

तालुक्याचा_डॉक्टर
अनशापोटी ऐंशीच्या वरच्यांना कळतं. त्यांच्या नातवाला नाही, आणि चिठ्ठी नातू वाचतो.

मांडवीकाठ
आमच्या आजीचा ‘निरंकार’ असायचा, पाण्याचा थेंब नाही. तो लिहिला तर रक्त काढायच्या आधीच अंधारी. किंवा घेरी. पारिभाषिक ठरवतील ती.

आडवी_रेघ
मंडळी, फार मजा येतेय, पण कार्ड छापायला जायचंय. सिस्टरताईंची ताप-तास-गोळ्या ही ओळ डॉक्टरांना दाखवून घालतेय. पण त्याच यादीत खोकल्याचं औषध आणि मळमळीची गोळीही एसओएस आहे, प्रत्येकीला दोन ओळी दिल्या तर कार्ड पुरत नाही. एक शब्द हवाच आहे. ‘त्रास झाल्यास’ का ‘गरज पडल्यास’?

पारिभाषिक
‘आवश्यकतेनुसार’. पहिल्याच दिवशी सांगितलंय.

काउंटरमागचा
‘आवश्यकतेनुसार’ आमच्या पाकिटावर दोन ओळींत मोडतो. ‘वाटल्यास’ लिहा.

निवृत्तसिस्टर
‘वाटल्यास’ नको गं बाई! वाटल्यास घेणारे वाटल्यास बंदही करतात.

गोदाकाठचा
धागा उशिरा पाहिला. आमच्याकडं ‘भोंड’ म्हणतात, ‘भोंड आली’. भोवळीतलाच असावा. फिरण्याला का पडण्याला ते आईला विचारून सांगतो.