शब्दचर्चा : ‘फेच’ला मराठीत काय म्हणावं?

सांगलीहून, प्रश्न : संध्याकाळी मुलांना पीएचपी (वेबसाइट बनवायची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकवते, सध्या डेटाबेसमधून माहिती घेणं चाललंय. क्वेरीला ‘विचारणा’ चालतं, रोला ‘ओळ’, कॉलमला ‘रकाना’. अडतं ते फेचवर. टिपणात ‘प्राप्त करणे’ छापलंय. काल एकानं विचारलं, “मॅडम, विचारणा केली म्हणजे उत्तर मिळालंच की, परत प्राप्त कशाला करायचं?” घोळ नेमका इथंच आहे. विचारणेनं निकाल तयार होतो, पण तो ओळीओळीनं हातात घ्यावा लागतो.

हरिपूरहून : साधं ‘काढणे’ म्हणा की. आमच्याकडं हळद जमिनीखालच्या पेवात ठेवायचे. झाकण उघडलं म्हणून हळद आपोआप वर येत नाही. माणूस आत उतरणार, भरून देणार, वरचा ओढून घेणार. फेच म्हणजे त्यातली एक खेप. वाइल लूप म्हणजे तळ लागेस्तोवर खेपा. पीएचपीची डेटाबेसशी बोलायची साधनं दोन, मायएसक्यूएलआय आणि पीडीओ. तळ लागला की मायएसक्यूएलआय नल (‘काही नाही’) देतं, पीडीओ फॉल्स (‘खोटं’). आणि फेचऑल म्हणजे पेव फुटणं! लाखभर ओळी एकदम मेमरीत.

साताऱ्याहून : पेव झकास, पण काढलेली हळद पेवात उरत नाही. फेचनं टेबलातलं काहीच कमी होत नाही, निकालातली खूण तेवढी एक ओळ पुढं सरकते. मी ‘उतारा काढणे’ म्हणेन. सातबारा काढला म्हणून तलाठ्याच्या दप्तरातली नोंद जाते का?

प्रश्नकर्ती : सातबारा पटला. पण नुसतं ‘उतारा’ म्हटलं तर मुलं विषावरचा उतारा विचारतील. शब्द ‘ओळ काढणे’, उदाहरण सातबाऱ्याचं. (जाता जाता : पीडीओला मोड, म्हणजे ओळ कशा रूपात हवी ते, सांगितला नाही तर प्रत्येक रकाना दोनदा मिळतो, नावानं एकदा, क्रमांकानं एकदा. एकाच्या तक्त्यात हळदीचा भाव शेजारीशेजारी दोनदा छापला होता.) आता फॉरमॅटचं काय?

मिरजेहून : ‘स्वरूपण’ तेवढं नको. ‘मांडणी’ तक्त्याला ठीक, आकड्याला नाही. पीएचपीचं नंबर_फॉरमॅट दर तीन आकड्यांनी स्वल्पविराम देतं. माझ्या हिशेबाच्या पट्टीवर 1,25,000 चे 125,000 झाले, तर अडत्यानं बोटानं शून्यं मोजली. इंटल या पीएचपीच्या जोडणीतल्या नंबरफॉरमॅटरला ‘एन-आयएन’ (भारतातली इंग्रजी) दिल्यावर स्वल्पविराम जागेवर आला. ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) दिलं तर आकडेही देवनागरी होतात.

हरिपूरहून : मग तिथं ‘आकडा लिहायची रीत’ म्हणा. लांबलचक आहे, पण अडत्यालाही कळेल.