मदत हवी आहे : इस्तंबूल, आईचे गुडघे आणि १४५३

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात इस्तंबूलला जायचं चाललंय. मी, आई (वय ७१) आणि नववीतला लेक असे आम्ही ठाण्याहून, भाऊ-वहिनी म्युनिकहून. हातात जेमतेम आठवडा आणि तो सगळा शहरातच काढायचाय. त्यामुळे 'एवढ्या लांब जाताय तर कापादोकियाचे बलूनही करून या' असे सल्ले कृपया नकोत. तसंच मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यानंतर तिकडे जावं की जाऊ नये यावर आमच्या घरी यथेच्छ भांडण होऊन गेलंय, त्याचा दुसरा अंक इथे नको.

जायचं कारण आई. ती शाळेत इतिहास शिकवायची. '१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुष्कीचा व्यापारी मार्ग अडला, म्हणून युरोपीय नव्या जलमार्गांच्या शोधात निघाले' हे तिने कित्येक वर्गांकडून घोकून घेतलंय. आता तिला ती तटबंदी बघायचीय. आया सोफिया, निळी मशीद वगैरे तिच्या लेखी तोंडी लावायला.

अडचण गुडघ्यांची. सपाटीवर अर्धा-पाऊण तास ती मजेत चालते. चढ कसाबसा, उतार मात्र अजिबात नाही. पायऱ्या कठडा धरून, एकेक. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलते.

भावाने तक्ता करून पाठवलाय. पहिल्याच दिवशी आया सोफिया, निळी मशीद, भूमिगत जलाशय, टोपकापी राजवाडा आणि संध्याकाळी ग्रँड बाझार, कारण 'नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर आहे'. भाऊ मॅरेथॉन पळतो, हे जाता जाता सांगते.

तर जाणकारांनी सांगावं: राहायला सुलतानअहमत बरं की गलाता? भावाला गलाता हवंय, तिथे म्हणे रात्री जाग असते. तटबंदी नेमकी कुठे आणि कशी बघायची? आईला अंडंही चालत नाही, तर जेवणाचं काय? आणि व्हिसा. माझ्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्यावर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो असं वाचलं. आई आणि लेकालाही माझ्यासोबत तो मिळेल का?

आगाऊ धन्यवाद.

---

प्रतिसाद

व्हिसाचं आधी उरकतो. नाही मिळणार. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा वा रहिवास परवाना ज्याच्या नावावर, त्यालाच ई-व्हिसा. आई आणि मुलाला स्टिकर व्हिसा (पासपोर्टवर चिकटवला जाणारा) काढावा लागेल, त्यासाठी आत्तापासून लागा. तुमचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. शोधलं की आधी दलालांच्याच साइट्स वर येतात, दिसायला हुबेहूब आणि पैसे अव्वाच्या सव्वा.

---

प्रतिसाद

ताई, गलाता विसरा. काराकोयच्या धक्क्यापासून गलाता मनोऱ्याकडे जो चढ आहे तो माझ्यासारख्या चाळिशीतल्या माणसालाही मध्ये थांबवतो, आणि तुमच्या आईंना परतीचा उतार जास्त छळेल. सात टेकड्यांचं शहर आहे ते. नकाशावरचं हाकेचं अंतर प्रत्यक्षात जिना निघतं.

सुलतानअहमतमध्ये राहा, पण ट्रॅमच्या रुळांजवळ. तिथूनही समुद्राच्या बाजूला गल्ल्या चांगल्याच उतरत जातात आणि स्वस्त हॉटेलं नेमकी त्या उतारावर. बुकिंगआधी लिफ्ट आहे का ते लेखी विचारून घ्या. जुन्या घरांची हॉटेलं केलेली असतात, जिना अरुंद असतो आणि नाश्ता बहुधा गच्चीवर. म्हणजे रोज सकाळी चहाआधी चार मजले!

टी१ ट्रॅम तुमच्यासाठी वरदान आहे. फलाट आणि डबा एका पातळीत, आणि बेयाझित (ग्रँड बाझार), सुलतानअहमत, गुल्हाने, एमिनोन्यु, काबाताश हे सगळं एका रेषेत. गेल्या गेल्या प्रत्येकी एक इस्तंबूलकार्ट घ्या. ट्रॅम, मेट्रो, बोट, सगळीकडे तेच चालतं. मार्मारायने, म्हणजे बॉस्फरस सामुद्रधुनीखालून जाणाऱ्या रेल्वेने, गेलात तर एक लक्षात ठेवा. चढताना पूर्ण भाडं कापलं जातं. कमी अंतर गेला असाल तर उतरल्यावर परताव्याच्या यंत्राला कार्ड टेकवायचं, उरलेले पैसे परत जमा होतात. बहुतेक पाहुणे हे न करताच बाहेर पडतात.

भावाच्या तक्त्यातला पहिला दिवस तीन दिवसांत वाटा. आया सोफियात २०२४ पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून फक्त वरच्या गॅलरीत सोडतात, खालचा भाग नमाजासाठी. वर जायला जुनी दगडी चढण आहे, पायऱ्या नव्हेत, पण दगड झिजून उंचसखल झालेत. वर 'देइसिस'चं (येशू, मेरी आणि योहान यांचं) मोझेक आहे, त्यासाठी हळूहळू का होईना चढा. आईंना अगदीच नको वाटलं तर निळी मशीद मोफत आहे आणि आत गालिचावर निवांत बसता येतं. जलाशयात पन्नासेक पायऱ्या उतरून जायचं, खाली अंधुक आणि ओलसर. ३३६ खांब आहेत आणि शेवटी मेदूसाची (ग्रीक पुराणातली केसांच्या जागी साप असलेली स्त्री) दोन मुंडकी, पण हे मी मुलासाठी ठेवेन, आईंसाठी नाही.

---

प्रतिसाद

जेवणाबद्दल. 'एत योक' म्हटलं की 'मांस नाही' एवढंच कळतं आणि समोर कोंबडी येते, कारण तिकडे 'एत' म्हणजे लाल मांस. म्हणून पूर्ण जप करायचा: 'एत योक, तावुक योक, बालिक योक, युमुर्ता योक'. मांस, कोंबडी, मासा, अंडं, चारही नाही.

सगळ्यात फसवा पदार्थ भात. साधा लोण्यातला पुलाव दिसतो, मध्ये शेवयांचे तांबूस तुकडे, आई खूश होतील. पण तो पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. मसूरच्या सूपचंही तेच. दोन्ही ठिकाणी विचारल्याशिवाय चमचा उचलायचा नाही. निर्धास्त खायचं तर 'झेयतिनयाली' नावाखालच्या ऑलिव्ह तेलातल्या भाज्या बघा. फरसबी, वांगं, आर्टिचोक, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, पण हे गारच वाढतात. गरम हवं तर पालक-चीजचं गोझलेमे. ते भरल्या पराठ्याच्या घराण्यातलं आहे, आईंना आवडेल. ओर्ताकोयला कुम्पिर मिळतो, म्हणजे भलामोठा भाजलेला बटाटा, आपल्यासमोर हवं ते भरून घ्यायचं. मुलाला रस्त्यावरचं चि कोफ्ते द्या. नाव मांसाचं असलं तरी दुकानात विकतात ते दलियाचं असतं.

मेतकूट आणि लोणचं न्यालच, ते वेगळं सांगत नाही.

---

प्रतिसाद

तटबंदीचं कोणीच बोलेना म्हणून लिहितोय. ट्रॅमवर 'टोपकापी' नावाचा थांबा आहे. तो राजवाड्याचा नाही! राजवाडा बघायला निघालेले कितीतरी लोक चुकून तिथे उतरतात आणि वैतागतात. तुमच्या आईंनी मात्र मुद्दाम तिथेच उतरायचं. दुसऱ्या थिओडोसिअसने ४१३ च्या सुमारास बांधून घेतलेला तट तिथे समोर उभा आहे, आणि १४५३ च्या वेढ्यात ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदच्या तोफांचा सगळ्यात जास्त मारा याच पट्ट्यावर झाला. पलीकडे बाग आहे, सपाट. तिथेच 'पॅनोरमा १४५३' संग्रहालय. गोल घुमटभर वेढ्याचं चित्र, चहूबाजूंनी तोफांचे आवाज. जरा भडक आहे आणि अर्थातच विजेत्यांच्या बाजूने सांगितलेलं, पण इतिहासाच्या बाईंना वाद घालायला ऐवज मिळेल. तटावर चढायच्या फंदात मात्र पडू नका, पायऱ्या मोडक्या आणि कठडा नाही.

१४५३ चा उरलेला भाग बोटीतून बघा. एमिनोन्युहून महापालिकेच्या 'शेहिर हातलारी'ची लांब फेरी अनादोलु कावाग्यापर्यंत जाते. डाव्या हाताला रुमेली हिसारी येईल, वेढ्याच्या आदल्या वर्षी काही महिन्यांत उभा केलेला किल्ला, समोर आशियाच्या काठावर अनादोलु हिसारी. रुमेली हिसारीच्या आत जिनेच जिने आहेत, पाण्यावरूनच तो खरा दिसतो. शेवटच्या थांब्यावर बोट बरीच थांबते आणि सगळ्या खानावळी माशांच्या, तेव्हा डबा सोबत घ्या. एमिनोन्युला धक्के बरेच आहेत, पाटी वाचून मगच रांगेत उभे राहा.

बायझँटिनांनी (तेव्हा शहर ज्यांच्या ताब्यात होतं त्यांनी) गोल्डन हॉर्न या खाडीच्या तोंडाशी लावलेल्या लोखंडी साखळीचे दुवे बेशिक्ताशच्या नौदल संग्रहालयात आहेत. धक्क्यापासून सपाट रस्ता. एकेक दुवा माझ्या हाताच्या पंजाहून मोठा.

---

प्रतिसाद

लेकाला एक सांगून ठेवा. बूटपॉलिशवाला पुढून चालताना त्याचा ब्रश 'पडतो', तुम्ही उचलून देता, तो गहिवरून आभार म्हणून तुमचे बूट पुसायला बसतो आणि मग पैशांवरून हुज्जत. ब्रश पडला तर पडू द्यायचा.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. टोपकापी थांब्याचं आईला वाचून दाखवलं. तिने लगेच वही काढून मला दिवस मांडायला बसवलं. भावाच्या तक्त्यातला पहिला दिवस मंगळवार होता, आणि टोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो; ग्रँड बाझारही रविवारी बंद असतो. त्याला तक्ता परत पाठवलाय, अजून उत्तर नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एदिरनेकापीजवळच्या कारिये मशिदीतली मोझेकं आईसाठी ठेवावीत का? आणि सुलतानअहमतमध्ये लिफ्ट असलेल्या हॉटेलात कुणी स्वतः राहून आलं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

प्रतिसाद

कारिये ठेवाच, फक्त शुक्रवार सोडून. टॅक्सीने थेट दारापर्यंत जा. मोझेकं छतावर आहेत, त्यामुळे गुडघ्यांना नाही, मानेला त्रास. हॉटेलचं व्यनिने पाठवतो.