मदत हवी आहे: मुंबईत मैत्रिणीसोबत 'हाय टी'ला जायचं आहे

नमस्कार मंडळी. मी जळगावची. शाळेपासूनची मैत्रीण पुढच्या महिन्यात साठीची होतेय, म्हणून दोघींनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची आणि दुपारचा चहा ताजमहाल पॅलेसमध्ये घ्यायचा असं ठरवलंय. १९०३ सालचं हॉटेल, सी लाउंजच्या खिडकीतून समोर गेटवे आणि समुद्र. तिला सांगितलं तर म्हणे, "एवढ्या पैशात तं भरिताची पार्टी होईन!" खरंय तिचं. पण भरीत तर दर हिवाळ्यात होतंच.

थोडं वाचलंय. इंग्लंडात १८४० च्या सुमारास रात्रीचं जेवण उशिरा, म्हणून मधल्या भुकेला ही चहाची पद्धत पडली. तिथे 'हाय टी' म्हणजे कामगारांचं संध्याकाळचं जेवण. आपल्याकडची हॉटेलं मात्र सँडविच आणि स्कोन (छोटा, पावासारखा गोडसर केक) यांच्या चहालाच ते नाव देतात.

आता अडचण. मैत्रीण अंडंही खात नाही, आणि स्कोन-केकमध्ये ते असू शकतं. आधी फोन करून सांगितलं तर वेगळं करून देतात का? खिडकीजवळचं टेबल मागून मिळतं का, की नशिबावर? साडी-चप्पल चालेल ना? दोघींत एकच मागवलं तर कसं दिसेल?

आणि हो, ती चहा बशीत ओतूनच पिते, फुर्र करून. मी काही तिला अडवणार नाही.

हल्लीच कोणी जाऊन आलं असेल तर खर्चाचा अंदाजही सांगा.